चलान सीमेवर थांबत नाही

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालेला रस्ता आक्षी, नागाव मागे टाकून चौलच्या हद्दीत शिरला की दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात. रस्ता अरुंद, वळणे आंधळी आणि शनिवार-रविवारी वाहनांची रांग न संपणारी. त्यांत मुंबई-पुण्याच्या गाड्या असतात, तशा गुजरात आणि कर्नाटकाच्या क्रमांकांच्याही असतात. सुरतेत मिळालेल्या परवान्यावर चौलमध्ये गाडी चालविणाऱ्याला कोणी अडवीत नाही. आणि चौलचा माणूस पेणच्या परिवहन कार्यालयाने दिलेल्या परवान्यावर पालिताण्याला, श्रवणबेळगोळला किंवा थेट सम्मेद शिखरजीच्या पायथ्यापर्यंत गाडी नेऊ शकतो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की, ती सोय आहे याचेच भान उरलेले नाही.

चौलच्या बंदराने मात्र याच्या उलट काळ पाहिलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर आपला हक्क सांगितला, तेव्हा व्यापारी जहाजाला त्यांचे 'कार्ताझ' नावाचे परवानापत्र जवळ बाळगावे लागे. ते नसले तर जहाज मालासकट जप्त होई. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कुलाब्याहून या किनाऱ्यावर हुकमत बसविली आणि जहाजांना त्यांचे दस्तक घेणे भाग पडले. एकाचे पत्र दुसऱ्याच्या पाण्यात चालेलच, याची शाश्वती नसे. सर्व किनाऱ्यांवर चालणारे एकच पत्र कोणी देऊ केले असते, तर चौलच्या व्यापाऱ्याने त्याची वाटेल ती किंमत मोजली असती.

आज असे पत्र घरोघरी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३ नुसार वाहन चालविण्याचा परवाना संपूर्ण भारतात परिणामकारक असतो; कलम ४६ नुसार एका राज्यात नोंदलेल्या वाहनाची नोंदणीही देशभर ग्राह्य धरली जाते. परंतु सर्वत्र चालणाऱ्या पत्राची खतावणीही सर्वत्र उघडी असते. परराज्यात झालेला दंड तेथेच सोडून आपण सीमा ओलांडली, अशी समजूत बाळगणाऱ्यांना या खतावणीची ओळख बहुधा नको त्या वेळी होते.

एका घरातील गोष्ट

चौलमधील सुपारी-नारळाच्या एका व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. नाव सांगण्याचे कारण नाही. असे घर आज प्रत्येक गावात आहे. व्यवहार चोख. दिवाळीला वही बंद होते, तेव्हा कोणाचे देणे बाकी ठेवायचे नाही, हा तीन पिढ्यांचा शिरस्ता. सात वर्षांपूर्वी बँकेच्या कर्जावर मोटार घेतली आणि हप्ता एकदाही चुकला नाही. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली झाली की हे कुटुंब याच गाडीने पालिताण्याला जाते.

धाकटा मुलगा नोकरीनिमित्त वडोदऱ्याला स्थायिक झाला, तेव्हा गाडी त्याच्याकडे द्यावी असे ठरले. वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे असेल, तर कलम ४७ प्रमाणे तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कर्ज फिटलेले होते, बँकेचे पत्र हाती होते, विमा चालू होता. पेणला अर्ज गेला आणि तेथेच अडला. गाडीच्या क्रमांकावर चार चलाने थकीत होती. दोन मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील वेगमर्यादेची, एक नवी मुंबईत नको त्या जागी गाडी उभी केल्याचे आणि चौथे आदल्या वर्षीच्या यात्रेतले, गुजरातमधील, तेही वेगाचेच.

"शेठ, आधी ही थकबाकी भरा, मग पुढचे बघू," एवढेच त्यांना सांगण्यात आले. चारही चलानांची रक्कम एका यात्रेच्या डिझेलखर्चाइतकीही नव्हती. पण 'थकबाकी' हा शब्द त्या गृहस्थांना लागला. आयुष्यात तो त्यांच्या नावापुढे कोणी लावला नव्हता.

घरात शोध घेतल्यावर उलगडा झाला. गाडी घेताना अर्जावर मोबाईल क्रमांक भरला गेला होता तो विक्रेत्याकडील एका माणसाचा. चलानाचा प्रत्येक संदेश सात वर्षे त्या क्रमांकावर जात राहिला. आपल्याला काही आलेच नाही, हे त्या कुटुंबाचे म्हणणे खरे होते. पण आपल्याला काही येत कसे नाही, हा प्रश्नही त्यांना सात वर्षांत पडला नव्हता.

चलान प्रवास कसे करते

पूर्वी हवालदार पावती फाडीत असे आणि परराज्याच्या गाडीकडून दंड तेथल्या तेथे वसूल न झाल्यास तो पुढे मिळणे अवघड असे. गाडी सीमेपलीकडे गेली की प्रकरण कागदावर उरे. बँकव्यवहार जाणणाऱ्यांना यात ओळखीचे काही दिसेल. शाखांच्या वह्या वेगवेगळ्या होत्या, तेव्हा एका गावात कर्ज थकविणारा दुसऱ्या गावी जाऊन नवे कर्ज मागू शके. शाखा संगणकाने जोडल्या गेल्या, २००० साली 'सिबिल'ची स्थापना झाली, आणि कर्जदाराची पत त्याच्या आधीच दुसऱ्या गावी पोहोचू लागली.

वाहनांच्या बाबतीत तेच घडले आहे. नोंदणीची माहिती 'वाहन' या आणि परवान्यांची माहिती 'सारथी' या संगणक प्रणालीत साठते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी कलम २५ ए आणि वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी कलम ६२ बी कायद्यात आले. त्याच दुरुस्तीतील कलम १३६ ए ने महामार्गांवर आणि मोठ्या शहरांत इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद केली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने त्याचे नियम जारी केले. त्यांतील नियम १६७ ए अन्वये गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठविली पाहिजे आणि चलान निकाली निघेपर्यंत त्याचा पुरावा जपून ठेवला पाहिजे. कॅमेऱ्याला गाडी कोणत्या राज्याची याच्याशी कर्तव्य नसते. तो क्रमांक वाचतो आणि क्रमांकावरून मालकाचा पत्ता व मोबाईल सापडतो, मग तो मालक त्याच शहरातील असो की चौलचा.

चलान ठरावीक काळात भरले नाही, तर अनेक राज्यांत ते आभासी न्यायालयाकडे जाते. दिल्लीत २०१९ मध्ये असे न्यायालय सुरू झाले. महाराष्ट्रात २०२० साली नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे वाहतूक चलानांसाठी ते सुरू झाले. गुन्हा मान्य असेल तर परराज्याचा दंडही घरबसल्या भरता येतो. खुद्द १९८८ च्या कायद्यातही दूरच्या माणसाची अडचण ओळखलेली होती. कलम २०८ नुसार किरकोळ गुन्ह्याचे समन्स आलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून दंड मनीऑर्डरने पाठविण्याची मुभा आहे. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले.

मात्र गुन्हा अमान्य असेल, तर गोष्ट वेगळी होते. प्रकरण जेथे गुन्हा घडला तेथील नियमित न्यायालयात चालते. चौलच्या माणसाने गुजरातमधील तालुक्याच्या न्यायालयात तारखा घेणे म्हणजे दंडाच्या कितीतरी पट खर्च. म्हणूनच चलान चुकीचे वाटत असल्यास ते न्यायालयात जाण्याआधीच, पोलिसांच्या तक्रार-व्यवस्थेत छायाचित्रासह हरकत घेणे शहाणपणाचे असते. आणि चलान आल्याचेच कळले नाही, तर ती वेळ निघून जाते.

दंड गाडीचा की चालकाचा?

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. 'चलान गाडीवर आहे, परवान्याशी त्याचा काय संबंध?' असे पुष्कळ लोक म्हणतात. यात अर्धे सत्य आहे.

कॅमेऱ्याने केलेले चलान प्रथम वाहनाला चिकटते. त्याचा जाच होतो तोही वाहनाच्या कामांत. गाडी विकायची, दुसऱ्या राज्यात न्यायची, व्यावसायिक वाहन असल्यास योग्यता प्रमाणपत्र घ्यायचे, अशा वेळी थकीत चलाने वाट अडवून उभी राहतात. मुलाच्या नोकरीचा दिवस ठरलेला असतो, गिऱ्हाईकाने विसार दिलेला असतो, आणि चार वर्षांपूर्वीचा एक दंड सर्वांना थांबवून धरतो.

पण त्या वेळी गाडी कोण चालवीत होते, हा प्रश्न कायद्याने सोडून दिलेला नाही. कलम १३३ अन्वये पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव आणि परवान्याची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. अतिवेग, धोकादायक चालविणे, मद्यपान करून चालविणे, हेल्मेट नसणे, दुचाकीवर तिघे बसणे अशा गुन्ह्यांत कलम २०६ नुसार पोलीस परवाना ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतात आणि कलम १९ खाली तो प्राधिकारी चालकाला ठरावीक काळासाठी अपात्र ठरवू शकतो. हेल्मेटविषयीच्या कलम १९४ डी मध्ये तर दंडाबरोबर तीन महिन्यांच्या अपात्रतेचा स्पष्ट उल्लेख आहे. अपात्रतेच्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येते. पण आदेश कायम असेपर्यंत तो माणूस देशात कोठेही वाहन चालवू शकत नाही. तरीही चालविले, तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. परवाना जसा सर्व भारताचा, तशी अपात्रताही सर्व भारताची.

केवळ दंड न भरणाऱ्याचीही परवान्याची व नोंदणीची कामे रोखून धरावीत, याकडे अलीकडच्या नियमांचा आणि प्रस्तावांचा कल वाढत आहे. गाडी आणि चालक यांच्यातले अंतर दिवसेंदिवस कमी होणार, असे धरून चालणेच इष्ट.

पालकांसाठी यातील सर्वांत कठोर तरतूद कलम १९९ ए ची आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळू शकत नाही. सुट्टीत गावी आलेल्या नातवाच्या हाती चौल-रेवदंड्याच्या रस्त्यावर कौतुकाने स्कूटरची किल्ली देणाऱ्या आजोबांनी हे ध्यानात ठेवावे. नातू मुंबईत शिकत असो की बंगळूरला, ही बंदी त्याच्याबरोबर तेथे जाईल.

सातासमुद्रापार

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा असतो आणि तो इतर राज्यांत मान्य होतो. तेथे एकेकाळी परराज्याच्या चालकाला दंड झाला की जागीच जामिनाची रक्कम भरावी लागे, नाहीतर न्यायाधीशापुढे उभे राहावे लागे. तो घरी गेला की परत येणार नाही, हीच भीती. यावर राज्यांनी आपसांत करार केले. परवान्यांविषयीच्या करारामुळे एका राज्यातील गुन्ह्याची माहिती चालकाच्या मूळ राज्याला कळते. अनिवासी दंडितांविषयीच्या करारामुळे परराज्याच्या चालकालाही स्थानिक माणसाप्रमाणे नुसत्या शब्दावर जाऊ दिले जाते. मात्र त्याने दंड भरला नाही आणि उत्तरही दिले नाही, तर त्याचे स्वतःचे राज्य त्याचा परवाना निलंबित करते. बहुतेक राज्ये या करारांत सामील आहेत.

न्यू जर्सीतील ब्लेअर्सटाउन येथे आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या सिद्धाचलम तीर्थाला आसपासच्या राज्यांतून जैन कुटुंबे मोटारीने येतात. तेथे जाताना मिळालेले दंडाचे तिकीट पेनसिल्व्हेनियाला परतल्यावर विसरून गेलेल्या मुलाला परवाना निलंबित झाल्याची सूचना घरच्या राज्याकडून येते. पुढे पोलिसांनी गाडी थांबविली, तर गुन्हा तिकीट न भरल्याचा राहत नाही, निलंबित परवान्यावर गाडी चालविल्याचा होतो. परदेशी शिकावयास गेलेल्या मुलांना घरच्यांनी सांगावयाच्या गोष्टींत ही एक असावी.

दोन देशांच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी गाभा एकच आहे. परक्या माणसाला अडवून न ठेवता जाऊ देणे हा विश्वास आहे आणि त्या विश्वासावरच सीमा मोकळी राहते.

सवलतीची वाट पाहणारे

'घाई कशाला? पुढे सवलत मिळेलच,' असा हिशेब करणाराही एक वर्ग आहे. त्याला आधार नाही असे नव्हे. तेलंगणाने २०२२ मध्ये थकीत दंडांवर मोठी सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्धी रक्कम माफ केली आणि लोकांची रीघ लागली. लोकअदालतीतही तडजोडीने रक्कम कमी होऊ शकते. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि त्याने प्रकरण कायमचे मिटते, म्हणून खरोखर अडचणीत असलेल्याने या मार्गाचा अवश्य लाभ घ्यावा.

परंतु सवलतीच्या आशेने देणे मुद्दाम थकविणे ही वृत्ती वेगळी. कर्जमाफीच्या वेळी नियमित हप्ते भरणाऱ्याच्या मनात जो सल उरतो, तोच येथेही उरतो. शिवाय सवलत कोणत्या राज्यात, कधी आणि कोणत्या वाहनांना मिळेल हे कोणाच्याच हाती नसते. कर्नाटकाची सूट गुजरातच्या चलानाला लागू होत नाही.

यासंदर्भात जैन श्रावकाला स्वतःच्या परंपरेतील एक शब्द आठवावा. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने 'विरुद्धराज्यातिक्रम' गणला आहे. राज्याने घातलेले निर्बंध ओलांडून व्यवहार करणे, जकात-कर चुकविणे, असा त्याचा अर्थ परंपरेने केला जातो. सीमा ओलांडून व्यापार करणाऱ्या समाजाला हा इशारा हवाच होता. कोणाची वस्तू उचलली तरच चोरी, एवढी ढोबळ व्याख्या आपल्या आचार्यांनी केली नाही. देणे असून न देणे, हेही त्यांनी त्याच व्रताच्या कक्षेत आणले.

छायाचित्रातील पहाट

चौलच्या त्या घरी मुलाने चारही चलाने संगणकावर उघडली. तीन पाहून झाली. चौथ्याचे छायाचित्र उघडले तेव्हा शेजारी त्याची आई बसली होती. गुजरातमधील महामार्ग, अंधुक उजेड, गाडीचा क्रमांक, खाली वेग आणि वेळ. पहाटेची वेळ होती आणि वेग मर्यादेच्या बराच वर होता. दुपारच्या आत पालिताण्याला पोहोचायचे म्हणून रात्रीच निघालेली ती फेरी.

आईला ती पहाट आठवली. कार्तिकी पौर्णिमा नुकतीच झाली होती. चातुर्मासाचा स्थिरवास संपवून साधु-साध्वींचे विहार सुरू झालेले होते. त्याच रस्त्याच्या कडेने पाच-सहा साध्वीजी चालल्या होत्या, मागे पाटी लावलेली खुर्ची ढकलणारी एक सेविका होती. गाडीतल्या सर्वांनी हात जोडले होते. "वंदन केले आणि गाडी पुढे गेली," ती म्हणाली. "किती वेगाने गेली, ते आज कळते आहे."

खोलीत कोणी बोलले नाही. गाडी त्या वेळी वडीलच चालवीत होते.

विहार करणाऱ्या साधु-साध्वींना महामार्गावर वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या समाजाला नव्या नाहीत. प्रत्येक वेळी संताप होतो, निवेदने दिली जातात, विहारमार्गांची मागणी होते. आणि ती मागणी रास्तच आहे. पण पहाटेच्या त्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत यात्रेकरूंच्याही गाड्या असतात. मुनी चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात, त्याला ईर्यासमिती म्हणतात. ज्यांच्या दर्शनाला जावयाचे त्यांनी पायाखालची मुंगी जपावी आणि दर्शनार्थ्याने समोरचा रस्ताही पाहू नये, ही विसंगती एका चलानाने त्या घराला दाखवून दिली. दंड हे वेगाने जाण्याचे शुल्क नव्हे. भरले की हिशेब मिटला, असे त्याच्याकडे पाहता येत नाही. आणि जो तो वाचतही नाही, त्याला आपण कोठे चुकलो हे कळण्याचा मार्गच उरत नाही. प्रतिक्रमणात दोष आठवावा लागतो. आठवल्यावाचून तो मागे घेता येत नाही.

घरोघरी करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, नोंदणीवरील मोबाईल क्रमांक स्वतःचा आहे याची खात्री करणे. 'वाहन' प्रणालीत तो बदलता येतो. परवान्यावरील क्रमांक आणि पत्ताही तपासावा. घरातील ज्येष्ठांच्या नावावर गाडी असेल, तर संदेश पाहणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक तेथे असावा.

दुसरी, दर तिमाहीस आणि प्रत्येक लांबच्या यात्रेनंतर गाडीच्या क्रमांकावर चलान आहे का हे स्वतः पाहणे. केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर आणि राज्य पोलिसांच्या व्यवस्थेत, दोन्हीकडे पाहावे.

तिसरी, गाडी विकल्यावर हस्तांतर पुरे झाल्याखेरीज निश्चिंत न होणे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि परराज्यात झाल्यास ४५ दिवसांत कळवावे, असे कलम ५० सांगते. नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. विकलेल्या गाडीची चलानेच काय, अपघाताची भरपाईसुद्धा जुन्या मालकाच्या दारी येऊ शकते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही बँकेच्या बोजाबरोबर थकीत चलाने तपासूनच पैसे द्यावेत.

चौथी, खोट्या संदेशांपासून सावध राहणे. 'आपले चलान थकले आहे' असे भिववून एखादी फाईल मोबाईलवर उतरवून घ्यावयास लावणारे संदेश सर्रास येतात आणि त्यातून बँक खाती रिकामी होतात. खऱ्या चलानासाठी कोणतीही फाईल उतरवावी लागत नाही. संदेशातील दुव्याला हात न लावता सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडावे. त्याच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. तेथे चलान दिसले तरच ते खरे.

पाचवी, चलान चुकीचे असेल तर गप्प न बसणे. छायाचित्रातील गाडीचा रंग, बनावट आणि ठिकाण पडताळावे. आपला क्रमांक दुसऱ्याच गाडीवर लावलेला आढळल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत जपावी. न केलेल्या गुन्ह्याचा दंड कंटाळून भरणे म्हणजे त्या बनावट क्रमांकाला मोकळे सोडणे होय.

चौलच्या त्या कुटुंबाने चारही दंड एकाच संध्याकाळी भरले. नोंदी निघायला काही दिवस गेले, मग ना हरकत प्रमाणपत्र मिळाले आणि गाडी वडोदऱ्याला गेली. आता तिला गुजरातचा क्रमांक आहे आणि नोंदणीवर मुलाचा स्वतःचा मोबाईल. भरलेल्या चलानांच्या पावत्या वडिलांनी दिवाळीच्या वहीत लावून ठेवल्या आहेत. यंदाच्या कार्तिकी पौर्णिमेनंतरची यात्राही ठरली आहे. वाटेत वडोदऱ्याला मुलाकडे मुक्काम करायचा आणि सूर्योदय झाल्यावरच गाडी बाहेर काढायची, अशी अट या वेळी आईने घातली आहे.